अंगुस्तानाची खूण

मालकीणबाईंनी पाकीट पुढे केलं तेव्हा सगळ्या किचनने टाळ्या वाजवल्या आणि मी आधी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं.

पाकिटात चार दिवसांचं आरक्षण होतं. द्राक्षांच्या मळ्यातल्या हॉटेलात राहायचं, सकाळी वाइन ओळखायला शिकायचं, दुपारी आराम करायचा आणि शेवटच्या दिवशी परीक्षा द्यायची. "शिकणंही होईल आणि सुट्टीही होईल, एका दगडात दोन पक्षी," मालकीणबाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून आपण जेवणाबरोबर वाइन देणार आहोत. कुठल्या डिशबरोबर कुठली द्यायची, ते वस्तादांच्या नाकाने ठरवायचं. आणि वहिनी, तुम्हीही जायचं हं. खोली दोघांची आहे."

वस्ताद म्हणजे आमचे हे. बावीस वर्षं मालकीणबाईंच्या हॉटेलचे मुख्य आचारी. ह्यांच्या नाकाला आठ महिने झाले कसलाही वास येत नव्हता. ही गोष्ट त्या किचनमध्ये फक्त दोघांना माहीत होती, आणि त्यातली एक सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

आठ महिन्यांपूर्वी साधा ताप आला होता. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. नाकाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, "येईल तर येईल." एवढं सांगायला शिकावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. हे आठवडाभर घरी बसले. बनियनवर, खिडकीपाशी, मांडीवर ताट घेऊन. ताटात कांदे. एक कांदा कापायचा, नाकाशी धरायचा, बाजूला ठेवायचा, दुसरा घ्यायचा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कांद्याचं की कशाचं, हे मी विचारलं नाही. जन्मभर मी ह्यांना टोमणे मारले होते की तुम्ही फार नाकाने कांदे सोलता. त्या आठवड्यात मला माझ्याच जिभेचा राग आला.

सहाव्या दिवशी हे म्हणाले, "मालकीणबाईंना सांगून टाकतो. वास न येणारा आचारी म्हणजे आंधळा ड्रायव्हर."

मी म्हटलं, "गप्प बसा. माझं नाक आहे ना."

मी त्याच हॉटेलात शिवणकाम करते. आचाऱ्यांचे कोट, एप्रन, टेबलक्लॉथ, नॅपकिन, जे फाटेल ते. माझी कपड्यांची खोली किचनला लागून आहे आणि मधल्या भिंतीत हातभर खिडकी आहे. त्या खिडकीतून हे मला चहा द्यायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी वस्ताद वहिनींना स्वतः चहा देतात, याचं किचनमध्ये फार कौतुक होतं. आता कपात चहाऐवजी सूप असायचं, सॉस असायचा, कधी चमच्यावर लोणी. मी हुंगायचे आणि टेबलाच्या पत्र्यावर अंगुस्तान वाजवायचे. अंगुस्तान म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर घालतात ती टोपी. एकदा टक् म्हणजे चांगलं आहे, पाठवा. पत्र्यावर खर्र करून ओढलं म्हणजे खराब, फेका. खारट-आंबट ह्यांच्या जिभेला कळायचंच, वासाचं मी बघायचे. आठ महिन्यांत एकही ताट परत आलं नाही. कुणाला शंकाही आली नाही.

मला याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. ज्या किचनमध्ये मला कुणी मीठसुद्धा टाकू दिलं नसतं, ते किचन माझ्या बोटावर चाललं होतं.

*

मळ्यातल्या हॉटेलाची खोली सुंदर होती. पांढरी गादी, मोठी खिडकी, बाहेर टेकडीपर्यंत द्राक्षांच्या ओळी, शिवणीसारख्या सरळ. टेबलावर एक चिठ्ठी होती: 'घड्याळ विसरा.' मी ती वाचून उलटी घालून ठेवली. हे खुर्चीत बसले, मग उठले, मग पलंगावर बसले. मी पडद्याची खालची दुमड उसवलेली पाहिली आणि पिशवीतून सुईदोरा काढला.

"अगं, सुट्टीवर आलोय आपण."

"मग तुम्ही घ्या सुट्टी. मी पडदा घेते."

पडदा शिवता शिवता आम्ही खुणा ठरवल्या. वाइनसाठी दोनच खुणा पुरणार नव्हत्या. एक टक् म्हणजे फळ. दोन म्हणजे फूल. तीन म्हणजे लाकूड, धूर असलं काही. आणि खर्र म्हणजे खराब, ती जुनीच. ह्यांनी ते शाळेतल्या मुलासारखं दोनदा म्हणून दाखवलं. नंतर म्हणाले, "आणि तुला सर्दी झाली तर?"

"मला कशी होईल सर्दी," मी म्हटलं आणि दोरा दातांनी तोडला.

वर्ग तळघरात भरायचा. बाराजण होतो. शिकवणारी मॅडम तिशीची, आखूड केसांची, पायात मळ्याचा चिखल लागलेले बूट. बोलायची कमी आणि ऐकायची फार, अशा माणसांची मला भीती वाटते. आमच्या शेजारी एक दातांचे डॉक्टर होते. त्यांना वाइनबद्दल सगळं आधीच माहीत होतं, मग ते शिकायला कशाला आले होते कोण जाणे.

"आधी बघा," मॅडम म्हणाल्या. "मग ग्लास फिरवा. हुंगा. घोट घ्या, तोंडात घोळवा आणि थुंका."

प्रत्येकापुढे थुंकायला स्टीलचं भांडं होतं, इतकं चकचकीत की त्यात सूप ढवळावं. मला चारचौघांत थुंकता येईना. मी गिळलं. दुसऱ्यांदाही गिळलं. चौथ्या ग्लासाला माझे कान गरम झाले आणि डॉक्टर मला दोन दिसायला लागले, एक काय कमी होता म्हणून. तेव्हापासून मी ठरवलं, आपण फक्त हुंगायचं, ओठ लावायचे नाहीत.

हुंगणं मला जमत होतं. मन लावून हुंगलं की त्या लाल-पिवळ्या पाण्यातून एकेक गोष्ट वर यायची: ओलं लाकूड, पिकलेला पेरू, नव्या कापडाची खळ. मी टेबलाच्या कडेवर बोट वाजवायचे आणि हे उठून सांगायचे, "फळ आहे. मागून थोडं लाकूड." आंबट किती, तुरट किती, हे ह्यांचं स्वतःचं. दोन्ही मिळून उत्तर असं व्हायचं की मॅडम मान हलवायच्या.

"तुम्ही बोटावर ते काय घालता?" त्यांनी मला एकदा विचारलं.

"सवय आहे. शिवणाऱ्या बाईचं बोट उघडं राहिलं की चुकल्याचुकल्यासारखं होतं."

त्या हसल्या. मला मात्र दुपारभर बसवेना. सगळे आरामखुर्च्यांत पडले होते आणि मी नॅपकिन मोजत होते. प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतोय असं वाटत होतं. खिडकीबाहेरच्या त्या सुंदर टेकडीकडे मी एकदाही धड पाहिलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी मॅडमनी प्रत्येकापुढे दोनच ग्लास ठेवले. एक फिकट, एक गडद लाल. "सांगा," म्हणाल्या.

मी पहिला हुंगला आणि एकदा वाजवलं, फळ. दुसरा हुंगला. लाल होता, जड दिसत होता. मी एकदा वाजवलं, मग थोडा विचार करून तीनदा. हे घोट घेऊन जरा थांबले. माझ्याकडे बघितलं. मग उठून म्हणाले, "पहिल्यात फळ. दुसऱ्यात फळ आणि लाकूड."

डॉक्टरांना दुसऱ्यात जांभूळ, काळी मिरी आणि जुन्या खोगिराचं चामडं सापडलं. बाकीच्यांनाही असंच काहीबाही सापडलं. सगळ्यांचं झाल्यावर मॅडमनी खिशातून एक इवलीशी बाटली काढून टेबलावर ठेवली. खायचा लाल रंग.

"दोन्ही ग्लासांत एकच वाइन आहे. पांढरी," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाकाने हुंगलं नाहीत, डोळ्यांनी हुंगलंत. वाईट वाटून घेऊ नका, दरवर्षी सगळेच फसतात."

हशा झाला. डॉक्टर तर सगळ्यांत मोठ्याने हसले, आपण खोगीर म्हणालोच नव्हतो असे. मीही हसले. हे हसले नाहीत.

दुपारी आम्ही द्राक्षांच्या ओळींमधून चालत होतो. चालत होतो म्हणजे मी पुढे झपाझप आणि हे मागे.

"मला कळलं होतं," हे म्हणाले.

"काय?"

"ती लाल वाइन नाही ते. लाल असती तर जीभ तुरट झाली असती. घोट घेतल्याबरोबर जिभेने सांगितलं मला."

मी थांबले. "मग बोलला का नाहीत?"

"तू वाजवलंस ना."

ह्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. ह्यांनी ते असं सांगितलं, जसं कुणी वेळ विचारल्यावर घड्याळ बघून सांगावं. मला मात्र ते आत कुठेतरी टोचलं.

"आठ महिने तू वाजवलंस की मी माझ्या जिभेचं ऐकलंच नाही," हे पुढे म्हणाले. "ताट जातं आणि मी दाराकडे बघत बसतो, कोण पोट धरून येतंय का. झोपेतसुद्धा दार दिसतं. घरी गेलो की मालकीणबाईंना सांगून टाकू या."

"अजिबात नाही."

"का पण?"

"काय का? त्या तुम्हाला हार घालणार आहेत? किचन लंबूला देतील आणि तुम्ही बसा परत त्या खिडकीत कांदे घेऊन!" लंबू म्हणजे ह्यांच्या हाताखालचा दुसरा आचारी, काठीसारखा उंच, ह्यांनीच घडवलेला. "तो आठवडा मी बघितलाय. तुम्ही जेवत नव्हता, बोलत नव्हता, वाटीत विरजण विसरावं तसे बसून होतात. मला ते पुन्हा बघायचं नाही."

"मला पण नाही. पण..."

"पण-बिण काही नाही. परीक्षा द्यायची, कागद घ्यायचा, घरी जायचं. वाइनच्या जेवणासाठी मी तुमचा नवा कोट शिवून ठेवलाय, कॉलरला निळी पट्टी लावलेला. तो घालून तुम्ही त्या दिवशी बाहेर येऊन उभे राहणार आहात, समजलं?"

माझा आवाज चढला की हे गप्प बसतात. त्या दिवशीही बसले. मला वाटलं, जिंकले.

*

तिसऱ्या दिवशी मला पहाटेच जाग आली. हे जागेच होते, छताकडे बघत. मला ते बघवेना. शाल घेतली आणि मळ्यात गेले. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पुढची ओळ, मग त्यापुढची. पानांवर दव इतकं की बाह्या भिजल्या, चपला भिजल्या, साडी पोटऱ्यांना चिकटली. उजाडलं तरी मी चालतच होते. काय शोधत होते म्हणाल तर काही नाही. बसलं की विचार येत होते, चाललं की जरा मागे पडत होते, एवढंच.

संध्याकाळी पहिली शिंक आली. चौथ्या दिवशी सकाळी, परीक्षेच्या दिवशी, माझं नाक दोन्हीकडून गच्च बंद होतं. बाथरूममधला साबण नाकाला लावून पाहिला. काही नाही. दाताची पेस्ट, काही नाही. मग मी बाथरूमच्या फरशीवर बसले, नळ सोडला आणि दोन मिनिटं रडले. आठ महिने हे जे जगत होते त्याची मला दोन मिनिटं चव मिळाली. खरं तर तेव्हाच शहाणपण यायला हवं होतं.

बाहेर आले तर हे कपडे करून उभे होते. "तुझा आवाज बसलाय."

"घसा जरा धरलाय."

"नाक?"

"नाक ठीक आहे."

"नको देऊ या परीक्षा. पोट बिघडलं सांगू."

"आणि मालकीणबाईंना काय सांगणार? वस्ताद ऐन परीक्षेच्या दिवशी आजारी? म्हटलं ना, ठीक आहे. एक नाकपुडी चांगली उघडी आहे."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी अंगुस्तान बोटात घातलं आणि पुढे झाले.

परीक्षेचे ग्लास काळे होते. काळ्या काचेचे, आतलं काही म्हणता काही दिसू नये असे. "परवाची गंमत आठवतेय ना?" मॅडम म्हणाल्या. "आज डोळे सुट्टीवर. प्रत्येकापुढे पाच ग्लास आहेत. त्यातल्या एकात बुचामुळे खराब झालेली वाइन आहे. चवीत फारसा फरक कळणार नाही, वासात कळेल. ओल्या पुठ्ठ्यासारखा, बंद कपाटासारखा वास. कुठला ग्लास, तेवढं सांगायचं. हॉटेलात काम करणाऱ्यांनी हे एक शिकलं तरी पुरे. पाहुण्यासमोर खराब गोष्ट जाता कामा नये."

हॉटेलवाल्यांचं नाव घेताना त्या आमच्याकडे बघून हसल्या. प्रेमाने हसल्या, तरी मी नॅपकिनची घडी मोडून पुन्हा घातली.

नाकाने कळणार नव्हतं, म्हणून मी हात बघितले. कपडे शिवणारी बाई माणसाच्या हाताखांद्यांवरून बरंच काही ओळखते. मॅडम ग्लास भरत फिरत होत्या. तिसरी बाटली त्यांनी धरली ती इतरांपेक्षा अंगापासून जरा लांब, कोपर उचलून, आपण कचऱ्याची पिशवी धरतो तशी. प्रत्येक टेबलापाशी तसंच. मला हवं ते मिळालं होतं.

पहिला ग्लास मी हुंगल्यासारखं केलं. एक टक्. दुसरा, दोनदा टक्. तिसरा जवळ आणला, कपाळाला आठी घातली आणि टेबलाच्या कडेवर अंगुस्तान ओढलं. खर्र. हे ऐकून बसले. घोट घेतला नाही, वर बघितलं नाही. चौथा ग्लास ह्यांनी आपल्यापुढचा उचलून माझ्यापुढे सरकवला. मी नाकाशी नेला, डोळे मिटले, जरा वेळ लावला. एक टक्. फळ.

ह्यांनी तो ग्लास परत घेतला आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाणी आहे त्यात."

मला आधी कळलंच नाही.

"तू मॅडमकडे बघत होतीस तेव्हा मी वाइन थुंकायच्या भांड्यात ओतून टाकली. पाणी भरलं त्यात," हे म्हणाले आणि समोरचा पाण्याचा जग दाखवला. "तुला काही वास येत नाहीये. आणि तरी तू वाजवतेस."

"तिसराच आहे," मी पुटपुटले. "मी त्यांचा हात बघितला. शपथ, तिसराच आहे."

"त्या गुरुवारी," हे म्हणाले.

माझं बोट टेबलावर तसंच राहिलं.

"थंडीतला तो गुरुवार. सोललेली कोळंबी आली होती सूपला. तू त्या आठवड्यात रोज वाफ घेत होतीस, मी पाणी तापवून देत होतो. कोळंबी मी खिडकीतून दिली आणि तू एकदा वाजवलंस. तुला वास आला होता?"

मी खोटं बोलू शकले असते. तोंडात शब्द तयारही होता. पण ह्यांचा चेहरा कांद्याचं ताट घेऊन बसायचे तसा झाला होता. जो पुन्हा दिसू नये म्हणून आठ महिने आटापिटा केला, तो चेहरा माझ्यासमोर होता, आणि या वेळी तो ताप-बिप काही न येता माझ्यामुळे झाला होता.

"नाही," मी म्हटलं.

"किती ताटं गेली होती?"

"एक्केचाळीस." मला आकडा पाठ होता, कारण त्या दुपारी मी एक शिवण घातली नव्हती, जेवणघराच्या दारात उभी राहून एकेक माणूस उठून जाताना मोजला होता. त्यात एक लहान मुलगी होती, तिने सूप दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं. "काही झालं नाही हो कुणाला. कुणालाच काही झालं नाही."

ह्यांनी तो पाण्याचा ग्लास बाजूला ठेवला. बावीस वर्षांत ह्यांनी स्वतः न तपासलेलं ताट दाराबाहेर सोडलं नव्हतं. बटाटा उकडलेला असला तरी. लोक त्याला ह्यांची घमेंड म्हणायचे, मीही म्हणायचे. आणि त्या गुरुवारी एक्केचाळीस ताटं मी सोडली होती, केवळ हे खिडकीत उभे होते आणि मला ह्यांना नाही म्हणवलं नाही म्हणून.

"वस्ताद?" मॅडमनी हाक मारली. "तुमचं उत्तर?"

हे उठले. खुर्ची नीट मागे सारली, जशी किचनमध्ये सगळं जागच्या जागी ठेवतात तशी.

"तिसरा म्हणून अंदाज मारता येईल, पण मारत नाही," हे म्हणाले. "मला वास येत नाही, मॅडम. आठ महिने झाले. इथे चार दिवस जे बोललो ते नाकाने बोललो नाही. जिभेला जे कळतं तेवढं खरं, बाकी सोडून द्या."

डॉक्टरांनी हातातला ग्लास आवाज न करता खाली ठेवला. मॅडमनी एकवार माझ्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिसराच होता."

"असेल," हे म्हणाले आणि जिना चढून गेले.

*

खोलीच्या गच्चीला काचेचं दार होतं. दाराच्या आत मी उभी राहिले, बाहेर हे मालकीणबाईंशी फोनवर बोलत होते. ऐकू काही येत नव्हतं. पाठ दिसत होती. आधी ताठ, मग जरा वाकलेली, मग फोन कानाशी धरून नुसतं ऐकताना खांदे हळूहळू खाली आलेले. मला ह्यांचा संताप येत होता. आठ महिन्यांचं माझं काम ह्यांनी दोन वाक्यांत उधळलं होतं. आणि मला स्वतःची लाज वाटत होती, इतकी की दार उघडायला हात उचलेना. दोन्ही एकदम वाटत होतं आणि नाक वाहत होतं.

शेवटी हेच आत आले.

"काय म्हणाल्या?"

"रडल्या थोड्या. मग म्हणाल्या, सोमवारपासून लंबू बघेल." हे खुर्चीत बसले. चार दिवसांत पहिल्यांदा पूर्ण पाठ टेकून बसले. "मला म्हणाल्या, सकाळी येऊन पोरांना सुरी धरायला शिकवा. बघू."

"आणि माझं?"

"तुझं काय?"

"मी... माझं सांगितलंत ना? गुरुवारचं?"

"गुरुवारचं सांगितलं. न तपासता कोळंबी पाठवली, म्हटलं." हे खिशातून रुमाल काढून माझ्याकडे न बघता पुढे करत म्हणाले, "त्यांनी विचारलं, अजून कुणाला माहीत होतं. मी सांगितलं, कुणालाच नाही."

मी रुमाल घेतला. तोंडावर धरून ठेवला. म्हणजे सोमवारी मी कामावर जाणार होते. त्याच खोलीत, त्याच खिडकीशी बसणार होते, आणि पलीकडे हे नसणार होते. कपात चहाच येणार नव्हता, दुसऱ्या कशाची तर गोष्टच सोडा.

"मला शिव्या द्या हो," मी म्हटलं. "काहीतरी बोला."

हे बाहेर बघत होते. ओळींमध्ये माणसं वाकून काहीतरी छाटत होती. बराच वेळ हे त्यांच्याकडे बघत राहिले, कात्री कशी धरतात ते बघावं तसे.

"तो नवा कोट," हे म्हणाले. "निळ्या पट्टीचा. मी घातला नाही ना अजून?"

"नाही."

"मग दुसरा शिवत बसू नकोस. तोच लंबूला कर. खांद्यात दोन बोटं आत घे, त्याचे खांदे माझ्यापेक्षा अरुंद आहेत." मग म्हणाले, "बाह्यांची दुमड मात्र सोड. हात लांब आहेत त्याचे."